बातमीत ‘रिश्टर स्केलवर ५.८’, तासाभराने ६.१. हा आकडा नक्की काढतात कसा?

उत्तरायण

भूकंपाच्या बातमीतले वाक्य ठरलेले असते: ‘रिश्टर स्केलवर ५.८ तीव्रतेचा भूकंप, केंद्र जमिनीखाली १० किलोमीटरवर.’ तासाभराने दुसरी संस्था त्याच भूकंपाला ६.१ देते. दुसऱ्या दिवशी पहिलीच संस्था आपला आकडा बदलून ६.० करते. खोली मात्र बहुतेक वेळा १० किलोमीटरच. एकच पोते तीन काट्यांवर तीन वेगळी वजने दाखवू लागले, तर आपण काटे तपासायला घेऊ. इथे तसे का होत नाही?

‘सहापेक्षा सात म्हणजे दहापट’ एवढे शाळेत शिकवतात, त्यापुढचे हवे आहे. यंत्रावर उमटलेल्या रेघेपासून बातमीतल्या आकड्यापर्यंत कोणत्या पायऱ्या असतात? चूक कुठे शिरते? दहापट होते ते नेमके काय? आणि हा आकडा शून्याच्या खाली किंवा दहाच्या वर जाऊ शकतो का?

लोलक

आधी शब्द वेगळे करू, कारण निम्मा गोंधळ त्या ठरलेल्या वाक्यातच आहे. भूकंप किती मोठा होता, हे सांगतो तो आकडा म्हणजे मॅग्निट्यूड. तो उगमाचा असतो आणि एका भूकंपाला एकच. तीव्रता म्हणजे एखाद्या ठिकाणी जमीन किती जोरात हलली. ती गावागणिक बदलते. ‘५.८ तीव्रता’ हे म्हणूनच चूक. ‘रिश्टर स्केलवर’ हेही आता बहुतेक वेळा चूक असते, पण पद्धत समजायला सुरुवात रिश्टरपासूनच करावी लागते.

चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ साली दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी हे माप मांडले. त्यांच्या हाताशी वुड-अँडरसन नावाचे यंत्र होते: टंगस्टनच्या ताणलेल्या बारीक तारेला एका बाजूने चिकटवलेला तांब्याचा छोटा दंडगोल, वजन एक ग्रॅमपेक्षा कमी, त्यावर आरसा. जमीन हलली की दंडगोल तारेभोवती पिळतो, आरशावरून परतलेला प्रकाश फोटोच्या कागदावर सरकतो आणि रेघ उमटते. त्याचा स्वतःचा आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, ०.८ सेकंद. व्याख्या या यंत्राला बांधलेली आहे: १०० किमी अंतरावरच्या वुड-अँडरसनवर रेघ मधल्या स्थितीपासून जास्तीत जास्त १ मिमी सरकली, तर तो भूकंप ३ चा. १० मिमी सरकली तर ४ चा, १०० मिमी सरकली तर ५ चा.

आता एक आकडा काढून पाहू. आलेखात आधी पी लहर येते, मग एस. कवचाच्या खडकात पी सेकंदाला सुमारे ६ किमी जाते, एस सुमारे ३.५ किमी. दोघींच्या आगमनातले सेकंद मोजायचे आणि ८ ने गुणायचे, की ढोबळ अंतर किलोमीटरमध्ये मिळते. समजा फरक २५ सेकंदांचा आहे, म्हणजे अंतर सुमारे २०० किमी. दोन्ही आडव्या दिशांच्या आलेखांवर रेघेचा सर्वांत मोठा आयाम, म्हणजे मधल्या रेषेपासूनची उंची, पाहायचा. तो निघाला ८ मिमी. ८ चा लॉग ०.९. आता अंतराची दुरुस्ती. रिश्टरच्या तक्त्यात ५० किमीला २.६, १०० किमीला ३.० आणि २०० किमीला ३.५ आहे. ०.९ अधिक ३.५ म्हणजे ४.४.

त्याच भूकंपाचा ५० किमीवरच्या ठाण्यावरचा आयाम ६० मिमी असला, तर लॉग १.८, अधिक २.६, पुन्हा ४.४. खरी ठाणी इतकी एकमताने बोलत नाहीत. एकाच भूकंपात ठाण्याठाण्यांच्या आकड्यांत ०.३ चा फरक नेहमीचा आहे. म्हणून डझनावारी ठाण्यांचा मध्यक घेतात किंवा टोकाची मूल्ये गाळून सरासरी काढतात.

एक चूक नवशिक्यांकडून हमखास होते. आयाम मधल्या रेषेपासून शिखरापर्यंत मोजायचा असतो. शिखरापासून तळापर्यंत मोजून निम्मे करायचे राहिले, की आयाम दुप्पट होतो. २ चा लॉग ०.३, म्हणजे ४.४ चा भूकंप ४.७ चा होऊन बसतो.

आता ‘दहापट’. एक अंक वाढला की, अंतर तेच धरून, त्या ठरावीक आवर्तकालाच्या लहरींचा आयाम दहापट होतो. ऊर्जा दहापट होत नाही, ती सुमारे ३२ पट होते. दोन अंकांना १,००० पट, आणि ०.२ ला साधारण दुप्पट. ६ च्या भूकंपातून लहरींच्या रूपाने बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ६ × १०^१३ ज्यूल येते. हिरोशिमावरच्या बाँबची ऊर्जाही जवळपास तेवढीच होती.

शून्याच्या खाली? हो, जातो. १०० किमीवर रेघ एक मायक्रॉन सरकवणारा भूकंप म्हणजे ० चा. त्याहून बारीक कंपने नोंदणारी यंत्रे आज आहेत. खाणींमध्ये खडक तडकण्याच्या नोंदींत -१ आणि त्याखालचे आकडे नेहमीचे आहेत.

तळघर

लोलक यांनी गणित नेमके सांगितले आहे. यंत्राच्या बाजूची भर घालतो, कारण चुका जास्त करून तिथूनच शिरतात.

आज वुड-अँडरसन कोणी चालवत नाही, पण व्याख्या त्याचीच असल्यामुळे त्याची नक्कल करतात. डिजिटल नोंदीतून आधी आपल्या यंत्राचा प्रभाव गणिताने काढून टाकतात, जमिनीची खरी हालचाल मिळवतात आणि तीच हालचाल वुड-अँडरसनने कशी रेखाटली असती ते संगणकाकडून काढून घेतात. आयाम त्या काल्पनिक रेघेवर मोजतात. इथे एक जुना सापळा आहे. यंत्राचे वर्धन, म्हणजे जमिनीची हालचाल रेघेत किती पट मोठी दिसते तो आकडा, २,८०० असल्याचे छापील वर्णनात होते. नंतर तपासून ते २,०८० च्या आसपास निघाले. नक्कल २,८०० ने केली आणि अंतराची दुरुस्ती २,०८० गृहीत धरणारी वापरली, तर प्रत्येक आकडा ०.१३ ने वर जातो. एका भूकंपात हे कळत नाही. दोन संस्थांच्या वीस वर्षांच्या याद्या शेजारी ठेवल्या की कळते.

आताच्या ब्रॉडबँड, म्हणजे जलद ते संथ सगळ्या लहरी टिपणाऱ्या, भूकंपमापकात वस्तुमान मोकळे झुलत नाही. ते जागचे हलू लागले की विद्युत परिपथ त्याला उलटे बल देऊन जागेवर धरतो, आणि त्यासाठी किती बल लागले तीच नोंद. ठरावीक उदाहरण घ्या: संवेदनशीलता दर मीटर प्रति सेकंद वेगाला १,५०० व्होल्ट, डिजिटायझर २४ बिटचा, पल्ला उणे २० ते अधिक २० व्होल्ट. २० व्होल्टचे सुमारे ८४ लाख भाग झाले, त्यातला एक भाग म्हणजे एक काउंट, जवळपास २.४ मायक्रोव्होल्ट. जमीन सेकंदाला एक मायक्रॉन या वेगाने हलली तर १.५ मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे ६३० काउंट. हाच हिशेब वरून केला तर दिसते की सेकंदाला १३ मिमीच्या पुढे वेग गेला की पल्ला संपला. आलेखाची शिखरे वरून कापल्यासारखी सपाट येतात. याला क्लिप होणे म्हणतात. क्लिप झालेल्या नोंदीवरचा आयाम कधीही मोजू नये. तो खऱ्यापेक्षा कमीच असणार. म्हणून चांगल्या ठाण्यावर शेजारीच ±२ किंवा ±४ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) पल्ल्याचा प्रवेगमापक ठेवतात. बारीक नोंद एकाची, जोराची दुसऱ्याची.

आता बिघाडांकडे. सगळ्यांत वाईट बिघाड तो, ज्यात यंत्र उत्तम चालत असते आणि कागदपत्र चुकलेले असते. डिजिटायझरचे गेन (संकेत किती पट मोठा करायचा तो आकडा) १ वरून २ केले आणि ठाण्याच्या माहितीच्या फाइलमध्ये ते लिहायचे राहिले, तर त्या दिवसापासून ते ठाणे प्रत्येक भूकंप ०.३ ने मोठा दाखवते. आलेख दिसायला निर्दोष असतो. संवेदकाचे दोन तारांमधले आउटपुट आणि एक तार-जमीन यांतले आउटपुट यांची गल्लत झाली तरी तोच दुपटीचा घोळ. पकडायचा उपाय सोपा आहे. दूरच्या एखाद्या मोठ्या भूकंपाच्या लांब आवर्तकालाच्या लहरी घ्यायच्या आणि शेजारच्या ठाण्यांशी आयाम ताडून पाहायचा. त्या लहरींना शे-दोनशे किलोमीटरच्या परिसरात जवळपास एकच आयाम असतो. एकटेच ठाणे दुप्पट बोलत असेल तर फाइल उघडायची.

दुसरी काळजी तापमानाची. आडव्या दिशेचे संवेदक कलण्याला भयंकर हळवे असतात. हजार किलोमीटर लांबीच्या पट्टीचे एक टोक एक मिलिमीटर उचलले तर जेवढा कोन होईल, तेवढ्यानेही गुरुत्वाकर्षणाचा अंश आडव्या नोंदीत शिरतो. म्हणून यंत्र खडकाला भिडलेल्या चौथऱ्यावर ठेवतात, चौथरा खोलीच्या भिंतींपासून सुटा ठेवतात आणि यंत्रावर उष्णतारोधक पेटी हवाबंद बसवतात. पेटीत हवेचा बारीकसा झोत फिरत राहिला, तरी आडव्या नोंदीत मिनिटा-मिनिटाच्या संथ लाटा दिसत राहतात. उभी नोंद मात्र शांत असते. या फरकावरूनच दोष ओळखायचा.

घड्याळाबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. जीपीएसचा संपर्क तुटून घड्याळ सरकले, तर भूकंपाची जागा चुकते. पी च्या वेळेतली ०.१ सेकंदाची चूक म्हणजे अंतरात ०.६ किमी. पण पी आणि एस यांच्यातला फरक त्याच घड्याळाने मोजलेला असल्यामुळे तो शाबूत राहतो, आणि त्यासोबत मॅग्निट्यूडही.

उत्तरायण

लोलक, तळघर, आभार. ५.८ आणि ६.१ हे आता कळू लागले आहे. पण मग अडचण येते. १०० किमीला १०० मिमी म्हणजे ५, तर ९ च्या भूकंपाला रेघ एक किलोमीटर सरकायला हवी! अशा भूकंपाला रिश्टर चालतच नसणार. मग ९ येतो कुठून?

भूतरंग

नाही चालत, आणि कारण फक्त कागदाच्या रुंदीचे नाही. इथेच या विषयाचा गाभा आहे.

भूकंप म्हणजे एका बिंदूवरचा स्फोट नव्हे. एक भ्रंश, म्हणजे खडकातली मोठी भेग, एका टोकाने फाटू लागतो आणि फाटत फाटत पुढे जातो, सेकंदाला साधारण दोन-तीन किलोमीटर या वेगाने. ६ च्या भूकंपात फाटणारा तुकडा दहा-पंधरा किलोमीटरचा असतो. २००४ च्या सुमात्रा भूकंपात तो सुमारे १,३०० किमी लांब होता आणि फाटायला आठ-दहा मिनिटे लागली. आता एका सेकंदाच्या आवर्तकालाची लहर घ्या. तिची लांबी काही किलोमीटर. त्या लहरीला भ्रंशाचा एका वेळी तेवढाच तुकडा ‘दिसतो’. भ्रंश १०० किमी फाटो की १,००० किमी, एका सेकंदाच्या लहरीची उंची फारशी वाढत नाही. ती फक्त जास्त वेळ चालते. आणि मॅग्निट्यूड तर उंचीवरून काढतो. आकडा एका जागी अडकतो. याला सॅच्युरेशन म्हणतात.

रिश्टरचे माप ६.५ ते ७ च्या दरम्यान असे अडकू लागते. दूरच्या भूकंपांसाठी नंतर दोन मापे आली. एक पी लहरींवरचे, एका सेकंदाच्या आसपासचे, तेही ६.५ च्या आसपास थकते. दुसरे २० सेकंदांच्या पृष्ठलहरींवरचे, म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागालगत जाणाऱ्या लहरींवरचे. २० सेकंदांच्या लहरीची लांबी ७० किमीच्या घरात, म्हणून ते जास्त वर पोचते, पण ८ ओलांडले की तेही अडकते. १९०६ चा सॅन फ्रान्सिस्को भूकंप आणि १९६० चा चिलीचा भूकंप, दोघांनाही पृष्ठलहरींचे माप ८.३ च्या आसपासच आकडा देते. प्रत्यक्षात एकाचा आकडा ७.९ आहे, दुसऱ्याचा ९.५. दोघांतला फरक अडीचशे पटींचा, आणि माप म्हणते सारखेच!

यावर उपाय लहरींच्या उंचीत नव्हता, तो भ्रंशाच्या भौतिकीत सापडला. केइती आकी यांनी १९६६ मध्ये १९६४ च्या निइगाता भूकंपासाठी सिस्मिक मोमेंट काढून दाखवला. कल्पना साधी आहे: खडकाची दृढता × फाटलेले क्षेत्रफळ × सरासरी सरकण. एक उदाहरण सोडवतो. भ्रंश ४० किमी लांब, १५ किमी खोलवर फाटलेला, म्हणजे ६ × १०^८ चौरस मीटर. सरकण १.५ मीटर. कवचाच्या खडकाची दृढता ३ × १०^१० पास्कल. गुणाकार २.७ × १०^१९ न्यूटन-मीटर.

हा आकडा लोकांना सांगण्याजोगा नव्हता. १९७९ मध्ये टॉम हँक्स आणि हिरू कानामोरी यांनी तो जुन्या मापांच्या भाषेत बसवला: मोमेंटचा लॉग घ्या, त्यातून ९.१ वजा करा, उरलेल्याला दोन तृतीयांशांनी गुणा. आपल्या उदाहरणात लॉग १९.४३, वजाबाकी १०.३३, उत्तर ६.९. स्थिरांक मुद्दाम असे निवडले की मधल्या पट्ट्यात नवा आकडा जुन्याशी जुळावा. म्हणूनच वर्तमानपत्रांना बदल जाणवला नाही आणि ‘रिश्टर’ हा शब्द चालू राहिला. मध्यम आणि मोठ्या भूकंपांना आज जगभर मोमेंट मॅग्निट्यूडच देतात.

प्रत्यक्षात भ्रंश कोणी टेपने मोजत बसत नाही. जगभरच्या ठाण्यांवरच्या लांब आवर्तकालाच्या, ५० ते ३०० सेकंदांच्या लहरी घेतात. पृथ्वीच्या अंतरंगाचे प्रारूप घेऊन ‘अमुक दिशेच्या भ्रंशावर एवढा मोमेंट असेल तर या ठाण्यावर आलेख कसा दिसेल’ ते संगणकाने काढतात. खरा आणि काढलेला आलेख एकमेकांवर बसेपर्यंत दिशा, खोली आणि मोमेंट बदलत राहतात. बसला की मोमेंट हातात. भ्रंश कसा सरकला, उभा की आडवा, हेही त्याच हिशेबातून मिळते.

यात अडचण एकच, वेळ. आणि ती अडचण जिवावर बेतावी असा प्रसंग २०११ मध्ये जपानमध्ये आला. तोहोकू भूकंपाला तीन मिनिटांत मिळालेला पहिला आकडा ७.९ होता. तो झटपट पद्धतीचा, म्हणजे सॅच्युरेट होणारा. त्यावरून पहिल्या त्सुनामी इशाऱ्यात लाटांची उंची फार कमी सांगितली गेली. मोमेंट काढायला हवा होता, पण देशातले बहुतेक ब्रॉडबँड मापक क्लिप झाले होते. तळघर म्हणतात तेच. पुढे आकडा ८.४, मग ८.८ आणि दोन दिवसांनी ९.० झाला. ‘आकडे बदलतात म्हणजे शास्त्रज्ञांना कळत नाही’ असे ऐकू येते, तेव्हा मला हे उदाहरण आठवते. इथे आकडा बदलला हा दोष नव्हता. तो पुरेसा लवकर बदलता आला नाही, ही खरी हानी होती.

तेव्हापासून दोन गोष्टींवर भर आला आहे. एक डब्ल्यू फेज: पी आणि एस यांच्या दरम्यान येणारी १०० ते १,००० सेकंदांची संथ लहर, जिच्यावरून वीसेक मिनिटांत भरवशाचा मोमेंट मिळतो. दुसरी, जीपीएसची ठाणी. ती क्लिप होत नाहीत. तोहोकूत ओशिका द्वीपकल्पावरचे ठाणे ५.३ मीटर समुद्राच्या दिशेने सरकले आणि १.२ मीटर खचले. एवढे सरकण ७.९ च्या भूकंपाने होणे शक्यच नाही.

दहाच्या वर? गणिताला बंदी नाही, खडकाला आहे. १० साठी चिलीच्या सुमारे सहापट मोमेंट लागेल. तेवढा लांब, एका दमात फाटू शकणारा भ्रंश पृथ्वीवर ठाऊक नाही.

मृण्मयी

तीव्रतेचा मुद्दा लोलक यांनी एका ओळीत आटोपला, आणि घर बांधणाऱ्याला तर तोच महत्त्वाचा आहे.

न्यूझीलंडमध्ये ४ सप्टेंबर २०१० ला ७.१ चा भूकंप झाला, ख्राइस्टचर्चपासून सुमारे ४० किमी पश्चिमेला. पडझड झाली, पण इमारत कोसळून कोणी दगावले नाही. २२ फेब्रुवारी २०११ ला ६.२ चा झाला. मोमेंटने पाहिले तर आधीच्याच्या वीस-बावीसाव्या हिश्श्याचा. तो शहराला लागून आणि अवघ्या पाच किलोमीटर खोलीवर होता. एका ठाण्यावर उभा प्रवेग २ जी च्या वर गेला, म्हणजे जमीन गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीने वर-खाली हिसके देत होती. १८५ माणसे गेली. उलट टोक पाहायचे तर मे २०१३ मधला ओखोट्स्क समुद्राखालचा ८.३ चा. तो ६०० किमी खोल होता, हजारो किलोमीटरवर मॉस्कोपर्यंत जाणवला आणि नुकसान जवळजवळ काहीच नाही.

म्हणून तीव्रतेची मापे वेगळी. सुधारित मर्काली माप एक ते बारा अंशांचे. त्यात यंत्र नाही, परिणाम पाहायचे: टांगलेले दिवे झुलले का, झोपलेली माणसे जागी झाली का, गिलावा पडला का, भिंतींना तिरक्या भेगा गेल्या का. पाहणी करताना घोटाळा इथे होतो की पडलेले घर दिसले की लोक थेट नऊ-दहा देऊन टाकतात. मातीत बांधलेली दगडी भिंत सातलाही पडते. युरोपीय माप म्हणजे ईएमएस-९८ याबाबत मला जास्त काटेकोर वाटते. त्यात इमारतींचे त्यांच्या कमकुवतपणानुसार सहा वर्ग आहेत, नुकसानीच्या पाच पायऱ्या आहेत, आणि ‘या वर्गातल्या किती इमारतींना कुठल्या पायरीचे नुकसान’ यावरून अंश ठरतो. एका घरावरून ठरवायचे नाही, वस्ती पाहायची.

जपानने १९९६ पासून हे काम पूर्णपणे यंत्रांवर सोपवले. त्यांच्या शिंदो मापात ० ते ७ अंश आहेत. ५ आणि ६ चे खालचा-वरचा असे दोन भाग केल्यामुळे पायऱ्या दहा होतात. तिथल्या बातमीत दोन्ही आकडे वेगवेगळे सांगतात: भूकंप अमुक मॅग्निट्यूडचा, आणि तुमच्या गावात शिंदो अमुक. मराठी बातम्यांतही अशी सवय लागायला हवी, असे मला मनापासून वाटते.

एक गोष्ट अंतरावरूनही कळत नाही, ती म्हणजे पायाखालची माती. १९८५ चा मेक्सिकोचा ८.० चा भूकंप राजधानीपासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर होता. शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या मऊ चिखलावर आहे. तो चिखल दोन सेकंदांच्या आवर्तकालाला घुमतो, आणि सहा ते पंधरा मजली इमारतींचा झुलण्याचा ताल त्याच्या आसपास येतो. त्याच उंचीच्या इमारती जास्त पडल्या. कडेच्या टेकड्यांवर, खडकावर, तोच भूकंप सौम्य होता.

लोलक

मृण्मयीताई, बरोबर. मी ते घाईत उरकले होते.

माझ्याच उत्तरात एक भर घालायला हवी. अंतराचा जो तक्ता दिला, तो दक्षिण कॅलिफोर्नियाचा आहे. जुन्या, थंड, अखंड खडकाच्या प्रदेशात लहरी दूरवर जोर टिकवून जातात. तिथे तोच तक्ता लावला की दूरची ठाणी भूकंप उगाच मोठा सांगतात. जवळचे ठाणे ४.१ आणि ४०० किमीवरचे ४.६, असा चढता क्रम सातत्याने दिसला तर यंत्राला दोष देऊ नका. तक्ता परका आहे. प्रत्येक प्रदेशाने शेकडो नोंदींवरून आपला तक्ता बसवायचा असतो.

तळघर

उत्तरायण, तुमचे १० किलोमीटर राहिले.

खोली काढणे हे जागा काढण्यापेक्षा खूप अवघड आहे. भूकंपाचे चार अज्ञात: अक्षांश, रेखांश, खोली आणि सुरुवातीची वेळ. सगळी ठाणी दूर असतील तर लहर त्यांच्याकडे जवळपास सारख्याच कोनात जाते. मग भूकंप पाच किलोमीटर खोल आणि थोडा आधी झाला, की पंधरा किलोमीटर खोल आणि थोडा नंतर, हे आगमनाच्या वेळांवरून सुटत नाही. खोली नीट बसायला निदान एक ठाणे केंद्राच्या अगदी जवळ लागते, साधारण खोलीइतक्याच अंतरात. ते नसेल तर हिशेब भरकटू नये म्हणून खोली बांधून टाकतात, आणि कवचातल्या उथळ भूकंपांसाठी अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचा तो ठरलेला आकडा १० किमी. त्यामुळे ‘१०’ नेमका दिसला की ‘उथळ, नक्की किती ते सुटले नाही’ असे वाचायचे. ९.३ किंवा १२.७ दिसले, सोबत चुकीची मर्यादा दिली असली, तर ते मोजलेले.

दूरच्या नोंदींवरून एक वाट निघते. भूकंपातून वर गेलेली पी लहर जमिनीवर आपटून परत येते आणि सरळ आलेल्या पी च्या मागोमाग पोचते. १०० किमी खोलीला ती साधारण २५ सेकंद मागे असते, स्वच्छ वेगळी दिसते. १० किमीला जेमतेम तीन सेकंद, म्हणजे पहिल्या लहरीच्या गोंगाटातच हरवते.

भूतरंग

५.८, ६.१, ६.० चा हिशेबही आता पुरा करता येईल. पहिला आकडा बहुधा संगणकाचा, जवळच्या थोड्या ठाण्यांवरचा, माणसाने न तपासलेला. दुसरा मोमेंटचा असू शकतो. म्हणजे पोते एक, पण एका काट्याने वजन केले आणि दुसऱ्याने माप भरले. म्हणून आकड्यासोबत कोणते माप ते पाहायचेच. संस्थांच्या याद्यांत ते शेजारी दिलेले असते. दोन मापांतला फरक कधी कधी स्वतःच माहिती देतो. १९९२ चा निकाराग्वाचा भूकंप पृष्ठलहरींवर ७.२ होता आणि मोमेंटने ७.६ च्या पुढे. भ्रंश फार सावकाश फाटला होता. किनाऱ्यावर हादरा साधाच जाणवला, आणि मागून त्सुनामी आली.

उत्तरायण

हे सगळे यंत्रे आल्यानंतरचे. दोन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपालाही ‘७ च्या आसपास’ म्हणतात, ते कशावरून?

मृण्मयी

भ्रंशाला आडवा चर खणून. दोन-चार मीटर खोल चरात गाळाचे थर दिसतात. एक थर भ्रंशापाशी तुटून खाली गेलेला असतो आणि त्यावरचा पुढचा थर सलग असतो. भूकंप त्या दोहोंच्या मधला. दोन्ही थरांतल्या कोळशाच्या कणांचे किरणोत्सारी कार्बनने वय काढले की काळाची चौकट मिळते. तुटलेल्या थराच्या दोन टोकांतले अंतर म्हणजे त्या जागेवरची सरकण.

आकड्यासाठी वेल्स आणि कॉपरस्मिथ यांचे १९९४ चे सूत्र सर्रास वापरतात: जमिनीवर दिसणाऱ्या फाटीची लांबी किलोमीटरमध्ये, तिचा लॉग, गुणिले १.१६, अधिक ५.०८. भूतरंग यांचा ४० किमीचा भ्रंश घ्या: १.६० × १.१६ + ५.०८ = ६.९४. मोमेंटने त्यांचे उत्तर ६.९ आले होते. पण फाटीचे टोक शेतीत किंवा पुराच्या गाळाखाली बुजलेले असते, आणि ४० च्या जागी २५ किमीच दिसली तर हाच हिशेब ६.७ वर येतो. त्यामुळे एका चरावर थांबत नाहीत. भ्रंशाच्या लांबीभर ठिकठिकाणी चर घेतात, आणि तीच तारीख किती दूरपर्यंत सापडते ते पाहतात.